खालची तीन बटणं

३ फेब्रुवारी, सोमवार

स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, आण्णांनी दिवसभरात काय बोलायचा प्रयत्न केला ते रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही. पण आण्णा दिवसभरात एकच बोलतात, "दा." पाणी हवं असलं तरी दा, राग आला तरी दा. तेवढंच लिहायचं तर चिटोरंसुद्धा पुरेल. तेव्हा माझंही लिहीन म्हणते.

नोव्हेंबरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. समजतं मात्र सगळं. शिरोलीतल्या फौंड्रीत तीस वर्षं पॅटर्न शॉपला, ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात काढलेला माणूस. मशीनवर आवाज चढवायची सवय, त्यामुळे घरात कुजबुजले तरी गल्लीला कळायचं. आता मिक्सर बंद झाला की घरात काही ऐकूच येत नाही.

आज ऐकू आलं. दीड महिना खपून मी केलेलं ॲप आज त्यांच्यासमोर ठेवलं. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत मी स्टोअरचं सॉफ्टवेअर सांभाळते. मोबाइलचं ॲप कधी केलं नव्हतं, व्हिडिओ बघून शिकले. माझा जुना मोठ्या स्क्रीनचा फोन, त्यात आण्णांचं सिमकार्ड. त्यांच्या खुर्चीच्या डाव्या हातावर स्टँड स्क्रूनं बसवून घेतला, त्यात फोन. स्क्रीनवर बारा चित्रं, चार ओळींत. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो. पाणी, चहा, बाथरूम, दुखतं, हात, हो अशी. सगळ्यात खालच्या ओळीत आई, भैरवी (म्हणजे मी), नको. आवाज आईचाच रेकॉर्ड केला.

आण्णांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं. मग डाव्या हाताचं बोट उचललं आणि दाबलं. "चहा."

आई ओट्यापाशी होती. ती तिथनंच म्हणाली, "आत्ता तर झाला की." मग तिच्या लक्षात आलं कोण बोललं ते. तिनं पदर तोंडाला लावला. चहा झाला, परत झाला. मी आज फार खूश आहे.

एकच खोट आहे. दाबता दाबता ॲप मधेच गायब होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल आणि आज मिळून आण्णांच्या नंबरवरून मला अकरा कॉल. सगळे साडेअकरा ते दीडच्या दरम्यान. आज तर स्टॉकच्या मीटिंगमध्ये साहेबांसमोर फोन थरथरत राहिला. पहिले दोन उचलले. "आण्णा, काय झालं?" तर, "दा. दा. दा." मागं टीव्ही मोठ्यानं लागलेला. आईला लावला. बऱ्याच वेळानं उचलला, झोपेतून उठल्यासारखी बोलली. "चुकून लागला असंल गं. निजल्यात ते."

दुपारची झोप मिळते, बरं आहे तिचं. मला इथं डबा खायला वीस मिनिटं.

घरी येऊन बघितलं तर कारण सापडलं. ॲपच्या खाली फोनची स्वतःची तीन बटणं असतात. एक मागे जायचं, मधलं होम स्क्रीनचं, तिसरं उघडी ॲपं दाखवणारं. आण्णांचं बोट खालच्या ओळीवरून घसरतं आणि मधल्या बटणावर पडतं. ॲप जातं, होम स्क्रीन येते. तिथं तळाशी माझा फोटो आहे, दाबला की थेट मला कॉल. झटक्यानंतर मीच ठेवला होता, अडीनडीला असावा म्हणून. म्हणजे बोट एकदा घसरलं की ॲप जातं आणि दुसऱ्यांदा घसरलं की माझी मीटिंग जाते.

कॉलेजचा मित्र मोहित पुण्यात हेच काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "फुलस्क्रीन कर की. वरची पट्टी आणि खालची बटणं दोन्ही लपवायची. सगळा स्क्रीन तुझा."

८ फेब्रुवारी, शनिवार

वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम असेल. दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्यांदा वरची पट्टी गेली, खालची बटणं राहिली. मग बटणं गेली, पण वर कॅमेऱ्याच्या भोकाशेजारी काळा पट्टा उरला. तो काढला तर "पाणी" आणि "चहा" भोकाखाली जाऊन बसले. शेवटी जमलं. चित्रं एकदम मोठी दिसायला लागली, फोन आहे असं वाटेचना, जणू पाटीच.

आण्णांनी एकदा वरून खालपर्यंत बघितलं. मग बोट तळाशी नेऊन वर सरकवलं, तर लपवलेली बटणं पुन्हा हजर. फुलस्क्रीनमध्ये अशी सोय असते, कडेवरून बोट सरकवलं की बटणं थोडा वेळ दिसतात. आण्णांचं बोट नेमकं तिथंच सरकलं. नशीबच खोटं माझं.

आई मधे येऊन म्हणाली, "तू जरा बसतीस काय ह्यांच्यापाशी? मी आडवी होतो घटकाभर." आई अजून गावाकडच्या बायकांसारखं येतो-जातो करते. मी म्हटलं, "आई, एवढं होऊ दे. हे झालं की तुझाच त्रास कमी होणार आहे."

ती गेली आत भाकरी थापायला.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. सकाळी आई म्हणाली, "शांताक्काकडं जाऊन येतो जरा." शांताक्का म्हणजे चार घरं सोडून राहणाऱ्या शांतादेवी, आईची मैत्रीण. मूळच्या निपाणीकडच्या, बोलताना मधेच कानडी. मी म्हटलं, जा, पण लवकर ये.

वीस मिनिटांत आण्णांनी "बाथरूम" दाबलं. मला एकटीला त्यांना उठवता येत नाही, आणि खरं लिहायचं तर मला ते करवतही नाही. मी आईला फोन केला. ती तशीच परत आली, अर्ध्यातनं. त्यांच्या बगलेत खांदा घालून त्यांना उभं केलं. तिला सवय झालीय. जानेवारीत आण्णा दोनदा पडले, दोन्ही वेळा मी कामावर होते, तिनंच उचललं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. मोहितनं दुसरा उपाय सांगितला. फोन ॲपलाच जखडून टाकायचा. बोट वरून सरकवा, खालून सरकवा, काही बाहेर येत नाही. बाहेर पडायचं तर कोपऱ्यात चार वेळा दाबून आकडे टाकायचे, ते आकडे फक्त मला माहीत.

मोहित म्हणाला, "पण त्यांना स्वतःला बाहेर यायचं असलं तर?"

"बाहेर येऊन ते काय करणारेत?"

"नाही, सहज विचारलं. बँकांच्या, दुकानांच्या फोनला करतो आपण हे. घरच्या माणसाला कधी केलं नाही."

आण्णांना दाखवलं. त्यांनी तळाशी बोट सरकवलं. परत. परत. मग वरून. मग माझ्याकडं बघितलं आणि "दा" म्हणाले, मोठ्यानं. मी म्हटलं, "बघा आण्णा, आता कितीही घसरू दे, ॲप हलणार नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अशा आजारात रडू लवकर येतं असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवसांत एकही कॉल नाही. कंपनीत निवांत काम झालं.

संध्याकाळी आण्णांनी ओळीनं तीन शब्द दाबले, पहिल्यांदाच. "हात. दुखतं. आई." मॅडमना सांगायला पाहिजे, हे म्हणजे जवळजवळ वाक्यच झालं. मी आईला हाक मारली, "हात चोळून दे म्हणतायत." आईनं तेल आणलं. आण्णांनी हात ओढून घेतला. उजवा नव्हे, डावा. उजव्याला तर काही कळतच नाही.

डाव्या मनगटावर लालसर वळ दिसला. आई म्हणाली, "घड्याळाचा पट्टा घट्ट झालता. काढून ठेवलंय मी घड्याळ."

आण्णांनी परत दाबलं. "आई. हात. दुखतं." परत. आठ-दहा वेळा, आईच्याच आवाजात, आईच्या तोंडावर. ती तेलाची वाटी घेऊन उठली.

जेवताना मला म्हणाली, "त्यातला माझा आवाज काढून टाक."

"का? चांगला आलाय की."

"नको मला. तुझा घाल."

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कुणालाच आवडत नाही. उद्या माझा घालते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ॲपमध्ये मी एक नोंद ठेवलीय, कोणतं चित्र किती वाजता दाबलं त्याची. कोणती चित्रं लहान पडतात ते कळावं म्हणून. आज ती उघडली आणि चक्रावले. सकाळी आणि संध्याकाळी सगळी चित्रं वापरलेली. साडेअकरा ते दीड मात्र फक्त खालची ओळ. "भैरवी, भैरवी, नको, भैरवी, नको, नको, आई, नको, भैरवी." एका दुपारी एकशे चाळीस वेळा. वरच्या नऊ चित्रांना स्पर्शसुद्धा नाही.

मोहितला पाठवलं. तो म्हणाला, "दुपारी हात त्या जागी टेकत असेल. डुलकी लागली की बोटं पडून राहतात." पटलं. खालची ओळ वर घेतली, चित्रं थोडी लहान केली आणि तळाची दोन बोटं जागा मोकळी सोडली. तिथं दाबलं तर काही होणार नाही.

आईला विचारलं, दुपारी झोपतात ना आण्णा? ती म्हणाली, "झोपतात की." ताट घासत होती, वर बघितलं नाही. तिचे डोळे खोल गेलेत. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आण्णा ॲपला हात लावेनासे झालेत. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. "चहा दाबा की आण्णा," म्हटलं तर खिडकीकडं तोंड. मॅडम म्हणाल्या, उत्साह जातो मधे, सोडू नका. मी दोन महिने घातलेत ह्यात. मला राग आला आणि तो मी त्यांच्यावर काढला. "तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं?" असं म्हणाले. म्हणायला नको होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिणं होणार नाही.

कंपनीत वीज जोडणीचं काम निघालं, अकराला सगळ्यांना सोडलं. बाराला गल्लीत पोचले. दाराला बाहेरून कुलूप. वाटलं, आई आण्णांना घेऊन दवाखान्यात गेली की काय. आईला फोन लावला, उचलला नाही. आत टीव्ही चालू होता. माझ्याकडच्या किल्लीनं कुलूप काढलं.

आण्णा खुर्चीत होते. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी, खुर्चीच्या पाठीमागं गाठ. डावा हात खुर्चीच्या हातावर, मनगटाला माझी निळी ओढणी, दोन गाठी. विजार ओली.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. टीव्हीच्या आवाजात दार उघडल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. ते फोनकडं बघत होते. बांधलेल्या मनगटापुढं बोटं जेवढी ताणता येतील तेवढी ताणून स्क्रीनच्या तळाशी दाबत होते. मी मोकळ्या सोडलेल्या जागेत. दाबत होते, थांबत होते, दाबत होते. स्क्रीन काही करत नव्हता. मीच तसं करून ठेवलं होतं.

मी धावत पुढं गेले.

गाठी सुटेनात. भाजीची सुरी आणून ओढणी कापली. मनगटाच्या आतल्या बाजूला कातडं सोललंय. घड्याळाचा पट्टा. मी ते ऐकून घेतलं होतं. ह्या वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी कोपऱ्यात चार वेळा दाबलं, आकडे टाकले, फोन मोकळा केला. खालची तीन बटणं आली. आण्णांनी ती बघितली. डावा हात उचलला, मधलं बटण दाबलं. होम स्क्रीन. मग माझा फोटो. बोट कुठंही घसरलं नाही. एकदा इथं, एकदा तिथं, नेमकं. पॅटर्न शॉपमध्ये लाकडावर खूण करावी तसं.

माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला.

मी हातभर अंतरावर उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि वाट बघत राहिले. मी फोन काढला. उचलला. कानाला लावला.

"बोला आण्णा."

"दा," ते म्हणाले. "दा. दा. दा."

त्यापुढचं लिहवत नाही.

सव्वाला आई आली. उघडं दार बघून उंबऱ्यातच थांबली. आण्णांना मी तोवर कसंतरी पलंगावर घेतलं होतं, विजार बदलली होती. कापलेली ओढणी खाली पडली होती. आईनं आधी ती बघितली, मग मला.

"कुठं गेलतीस?"

"शांताक्काकडं."

"रोज?"

"व्हय."

"बांधून?"

ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "दोनदा पडलेत. मी नसताना उठाया गेले आणि डोकं आपटलं, तर? म्हणून बांधतो."

"आणि तू तिथं जाऊन काय करतीस?"

"झोपतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"झोपतो गं. त्यांच्या मागच्या खोलीत. इथं झोप लागत न्हाय. ह्यांनी कूस बदलली तरी जाग येती, तीन महिने झाले. तिथं गेलं की दोन तास कुणी हाक मारत न्हाय." तिचा आवाज सरळ होता, रडका नव्हता. "तुला म्हटलं होतं, जरा बस. तू म्हटलीस, एवढं होऊ दे."

 

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली.

फोनमधली कॉलची यादी काढली. तीन तारखेपासून अकरा तारखेपर्यंत मला केलेले कॉल चौतीस. अकरा तारखेनंतर शून्य.

चौतीस वेळा माझ्या वडिलांनी मला हाक मारली. बोलता येत नसलेल्या माणसानं, बांधलेल्या हातानं, दोन बोटांनी. त्याला मी खोट म्हणाले. मी ती दुरुस्त केली. आणि तो रस्ता बंद झाल्यावर त्यांनी ॲपमधूनच हाका मारल्या, भैरवी, भैरवी, नको. ती ओळसुद्धा मी त्यांच्या बोटांपासून लांब नेऊन ठेवली.

मोहितला सांगितलं. तो म्हणाला, "मी पण तेच म्हणालो होतो ना, बोटं टेकत असतील म्हणून." मी फोन ठेवला.

आईशी बोलणं नाही. ती स्वयंपाक करते, मी वाढून घेते. आण्णा तिच्या हातून जेवत नाहीत. तिनं घास पुढं केला की डाव्या हाताची मूठ वळून पोटाशी धरून ठेवतात. ते बघून ती ताट माझ्याकडं देते आणि आत जाते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. शांताक्का शाबूची खिचडी घेऊन आल्या. दारातच मी त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"काय माहीत होतं, यव्वा?"

सांगितलं. त्यांचा हात डब्यावरच राहिला. "तुझी आई मला म्हणाली, भैरवी घरातनंच काम करती, ती बसती बापापाशी. मी म्हटलं, मग झोप की बाई. ती आली की पडायची. चप्पल काढायचं भान नसायचं तिला. मी चप्पल काढून पांघरूण घालत होतो." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "माझ्यापाशी रडली असती तरी बरं झालं असतं. ती नुसती झोपत होती."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "आजऱ्याला जाऊन येतो चार दिवस. दादा-वहिनी हायत." तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पण दारात थांबून माझ्याकडं बघत राहिली, मी नको म्हणेन म्हणून. मी म्हटलं, जा.

आण्णांना सांगायला तिचं धाडस झालं नाही.

१ मार्च, शनिवार

तीन दिवस मी एकटी. पहिल्या दिवशी मला वाटत होतं, आई कशी करू शकली. दुसऱ्या दिवशी आण्णांनी सात वेळा बाथरूम दाबलं, चार वेळा तिथं बसून काहीच झालं नाही. गादी दोनदा बदलली. माझी पाठ धरली. आज सकाळी मी तोंड धूत होते आणि बाहेर धप्प आवाज झाला. आण्णा पलंगावरून उठायला गेले होते. पडले नाहीत, भिंतीला टेकून राहिले. मी त्यांना सावरून खुर्चीत बसवलं. आणि मग मला जे सापडलं ते लिहिणार आहे, कारण बाकी सगळं लिहिलंय.

मी कपाटासमोर उभी होते, कपाट उघडं होतं, आणि माझ्या हातात आईची साडी होती. सुती, मऊ. काचणार नाही अशी शोधून काढलेली.

कपाट मी कधी उघडलं, साडी कधी काढली, आठवत नाही. घडी करून परत ठेवली. मग जमिनीवर बसले.

तीन दिवस झालेत मला. तिला तीन महिने झाले होते.

शांताक्कांना हाक मारली. त्या आल्या, काही न विचारता आण्णांशेजारी बसल्या आणि वाटाणे सोलायला लागल्या. मी आत जाऊन दार लावलं आणि झोपले.

४ मार्च, मंगळवार

माणूस मिळाला. ज्ञानूमामा, साठीचे, दवाखान्यात वॉर्डात काम करून निवृत्त झालेले. सकाळी नऊ ते पाच. पहिल्याच दिवशी त्यांनी आण्णांना विचारलं, "पावणं, दाढी करूया काय?" आण्णांना गेल्या चार महिन्यांत कुणी काही विचारलं नव्हतं. आम्ही नुसतं करत होतो.

आण्णांनी ॲपकडं बघितलं. मी मागं उभी होते, बोलले नाही. त्यांनी दाबलं. "हो."

ॲप बदललं. चित्रं मोठीच दिसतात, कारण ती मोठीच हवीत. पण खालची तीन बटणं परत आणली. माझा फोटो आता ॲपमध्येच आहे, तळाशी, आडवा, स्क्रीनभर रुंद. दाबला की कॉल. आण्णांना विचारून केलं. दोन्ही प्रकार दाखवले, हा की हा. त्यांनी बटणं असलेला निवडला. कंपनीत साहेबांना सांगून ठेवलंय, हा फोन आला की मी मीटिंगमधून उठणार.

मॅडमनाही सगळं सांगितलं, वहीसकट. त्यांनी वाचून वही मिटली आणि म्हणाल्या, बांधण्याबद्दल आपण डॉक्टरांशी बोलायला हवं, आणि तुमच्या आईसाठीही. आईसाठी वेळ घेतलीय, बारा तारखेची.

९ मार्च, रविवार

आई काल आली. काजू आणले आजऱ्याचे, घनसाळ तांदूळ आणला. चेहरा भरल्यासारखा वाटला. दहा दिवस नुसती झोपली म्हणाली. तिच्या वहिनीनं कारण विचारलं तेव्हा तिनं खरं सांगितलं.

आल्यावर ती आण्णांसमोर स्टुलावर बसली. मला बाहेर जा म्हणाली नाही, म्हणून मी थांबले.

"मी बांधत होतो तुम्हाला," ती म्हणाली. "चूक केली. परत करणार न्हाय."

आण्णा बघत राहिले. ॲपला हात लावला नाही. मी मनात म्हणत होते, दाबा काहीतरी. हो दाबा. त्यांनी नाही दाबलं. आईनं थोडी वाट बघितली, मग उठली आणि तांदूळ डब्यात ओतायला गेली.

डाव्या हाताला अजून तिला हात लावू देत नाहीत. जेवण ज्ञानूमामांच्या किंवा माझ्या हातून. ती उजव्या बाजूनं येते, उजवा हात चोळते, ज्याला काही कळत नाही. ते चालतं त्यांना.

आज सुट्टी. ज्ञानूमामा नाहीत, आण्णांना मीच बघितलं. दुपारी जेवणं झाल्यावर आईला म्हटलं, तू पड. कुठं जाऊ नको, इथंच पड, मी बसते. ती सोप्यात, आण्णांच्या खुर्चीपाशीच, सतरंजीवर आडवी झाली. मला वाटलं नव्हतं तिला झोप लागेल. पाच मिनिटांत लागली, तोंड किंचित उघडं, हात डोक्याखाली.

आण्णांनी "पाणी" दाबलं. माझा आवाज मोठ्यानं खोलीभर गेला. आईनं झोपेतच पाय हलवला, उठायला निघाल्यासारखा.

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. मग फोनच्या कडेचं आवाजाचं बटण चाचपून शोधलं आणि दाबून धरलं, आवाज पार जाईपर्यंत. मग परत पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

मी उठून पाणी दिलं. भांडं खाली ठेवताना वाजू दिलं नाही.